पाणवठा क्रमांक १ : मागच्या खिडकीचा कूलर

नागपुरात प्रतापनगरच्या मागच्या बाजूला आमचं लेआउट आहे. उन्हाळ्यात इथल्या पाण्यावर कोण कोण येतं, त्याच्या या नोंदी. मुदत : कूलर लागल्यापासून पाऊस बसेपर्यंत.

कल्पना जंगलातून उचललेली. विदर्भात वनविभाग दरवर्षी बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर मचाणं बांधून रात्रभर प्राणी मोजतो. ताडोबा, पेंच, मेळघाट, सगळीकडे. वैशाखात नाले आटलेले असतात, उरल्यासुरल्या पाण्यावर सगळ्यांना यावंच लागतं, आणि पौर्णिमेचा उजेड फुकट मिळतो. आमच्या लेआउटमध्ये नाला नाही. अंबाझरी तलाव फार लांब नाही, पण मधमाशी किंवा सरडा पाण्यासाठी तिथवर जायचा नाही. कूलर मात्र घरटी एक आहे, आणि न गळणारा कूलर नागपुरात अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.

तर पाणवठे असे ठरवले : १) आमच्या मागच्या खिडकीचा कूलर, २) समोरच्या काकूंचा अळूचा वाफा, ज्यात त्यांच्या कूलरचं पाणी जातं, ३) गच्चीवरचं मातीचं परळ, ४) टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप. मोजणारे : मी, यवतमाळहून सुट्टीला आलेली नववीतली भाची, आणि मनात येईल तेव्हा गल्लीतले पोट्टे.

१४ एप्रिल २०२४, रविवार

मिस्त्रीभाऊ सकाळी खसच्या नव्या ताट्या बसवून गेले. हनीकोंबचे पॅड लावा, असं त्यांनी दरवर्षीप्रमाणे सांगितलं आणि मी दरवर्षीप्रमाणे ऐकलं नाही. पंप सुरू झाला, ताट्या भिजल्या, आणि साडेदहाला पहिली मधमाशी आली. दुपारी डाव्या ताटीच्या खालच्या कडेला दाटी.

तीन जातींच्या आहेत. सगळ्यात लहान, पोटाचा पुढचा भाग तांबूस, ती फुलोरी. तिच्याहून थोडी मोठी, पट्ट्यापट्ट्यांची ती सातेरी. आणि या दोघींना सरळ बाजूला ढकलत उतरते ती आग्या. परळात मी माठातलं पाणी भरून ठेवलं होतं, तिकडे एकही फिरकली नाही. गर्दी सगळी कूलरच्या पत्र्यावर, जिथे मागल्या उन्हाळ्यातल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर धरलाय तिथे. मधमाश्यांना निव्वळ पाण्यापेक्षा क्षाराचं पाणी आवडतं. म्हणून तर चांगलं भांडं सोडून त्या नालीच्या काठावर बसलेल्या दिसतात.

हे पाणी त्या पितात थोडं आणि नेतात जास्त. माशी ते मधाच्या पिशवीत भरते. पोळ्यावर दुसऱ्या माश्या ते तिच्या तोंडातून घेतात, घरांच्या कडांवर थेंब थेंब पसरवतात आणि पंखांनी वारा घालतात. पाणी उडतं, पोळं थंड होतं. अळ्या असलेला भाग ३५ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो, बाहेर ४४ असले तरी. आमच्या कूलरचं पाणी नेऊन त्या आपला कूलर चालवतात, एवढाच अर्थ.

समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, ‘काऊन गं, कधीची पाहून राहिली त्याच्याकडे? बिघडला का?’

‘नाही काकू, माश्या मोजतेय.’

‘मोज बाप्पा,’ म्हणाल्या आणि आत गेल्या.

१८ एप्रिल, गुरुवार

मैदानाच्या कोपऱ्यावरचा बहावा पूर्ण फुलला. उद्या मतदान, त्यामुळे झाडाखाली मांडव घालणं सुरू आहे. मांडववाल्यांच्या डोक्यावर काळे भुंगे. भुंगा फुलाला लटकला की फूल त्याच्या वजनाने खाली येतं, मग एक घोगरा गुर्र आवाज. पंखांशिवाय नुसते छातीचे स्नायू थरथरवून तो पुंकेसरातले पराग झटकून घेतो. सुकलेल्या बांबूत किंवा वाशात भोक पाडून राहतो तोच हा. मांडवाचा एक बांबू त्याने आधीच भोक पाडून ठेवलेला आहे.

कॉमन एमिग्रंट फुलपाखराची मादी कोवळ्या पानांवर अंडी घालत होती. एका पानावर टेकली, पोट वाकवलं, एक अंडं उभं चिकटवलं, उडाली. पाण्यावर मात्र ही फुलपाखरं अजून दिसली नाहीत.

२१ एप्रिल, रविवार

आज पाणवठ्यापेक्षा काकूंच्या गच्चीवर जास्त वेळ गेला.

काकूंच्या कुरडया वाळत होत्या आणि त्यावर पांढरं धोतर झाकलेलं होतं. अकराच्या सुमारास धोतरावर पिवळे ठिपके दिसले, कुणी हळदीचं बोट टेकवत गेल्यासारखे. शेजारच्या पांढऱ्या मोपेडच्या सीटवर तेच, खाली लावलेल्या गाडीच्या काचेवर तेच. आधी कबुतरांवर आळ आला. मग कुणीतरी म्हणालं, बांधकामाचा रंग उडाला असेल. काकूंचं मत, ‘वरून कायतरी फवारून राहिले हे लोक.’

भाचीने ओल्या बोटाने एक ठिपका उचलून काचेच्या तुकड्यावर पसरवला आणि माझ्या जुन्या भिंगातून पाहिला. पिवळी भुकटी, दाणेदार. पराग.

मागच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लटकलंय, चांगलं सुपाएवढं. आग्या माश्या मधूनच शेकड्यांनी एकदम पोळं सोडतात, वर एक फेरी मारतात, तेवढ्यात पोट रिकामं करतात आणि परत येऊन बसतात. पराग पचून उरलेला भाग पिवळ्या थेंबांनी खाली पडतो. उन्हात अंग थंड ठेवण्याची ही एक तऱ्हा असावी, असंही अभ्यासक मानतात : गरम पाणी शरीराबाहेर टाकलं की माशी तेवढी थंड होते.

या ठिपक्यांवरून एकदा मोठं राजकारण झालेलं आहे. १९८१ मध्ये अमेरिकेने सोव्हिएत संघावर आरोप केला की लाओस आणि कंबोडियात विमानांतून विष फवारलं जातंय. गावकरी ‘पिवळा पाऊस’ पडला म्हणून सांगत होते. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी ते थेंब तपासले, तर आत पराग निघाले. मग थायलंडच्या जंगलात आग्या माश्यांच्या पोळ्यांखाली उभे राहिले आणि तो पाऊस त्यांच्याही अंगावर पडला. फवारणीचा संशय घेणारी आमची काकू त्या मानाने चांगल्या संगतीत आहे.

हे सगळं मी सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘म्हणजे माश्यांची शी?’

‘हो.’

‘माझ्या कुरडयांवर?’

‘धोतरावर. कुरडया झाकलेल्या होत्या.’

धोतर भिजत पडलं. मोहोळ काढायला माणूस बोलवायचा का, यावर संध्याकाळी खाली चर्चा झाली. मी म्हटलं, राहू द्या. आग्या माश्या एका जागी कायम राहत नाहीत, फुलोरा संपला की पोळं मागे टाकून निघून जातात. तोवर खालून धूर करू नका, पोट्ट्यांना दगड मारू देऊ नका, आणि वाळवण दुसऱ्या गच्चीवर घाला. शेवटची सूचना काकूंना पटली, कारण दुसरी गच्ची माझी आहे.

२६ एप्रिल, शुक्रवार

कुंडीतल्या कढीपत्त्यावर पाखराची विष्ठा, असं भाचीने लिहून ठेवलं होतं. संध्याकाळी ती विष्ठा दुसऱ्या पानावर होती. लाइम बटरफ्लायची अळी. लहान असताना काळपट-पांढरी, ओलसर, हुबेहूब विष्ठा. मोठी झाली की हिरवीगार. काडीने हलकेच टोचल्यावर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर आलं आणि उग्र आंबूस वास सुटला. भाचीने नाक दाबलं. मुंग्यांनाही तो सोसत नसावा, कुंडीवर मुंगळ्यांची ये-जा आहे पण त्या पानाला वळसा.

काटोल, नरखेड, वरुडच्या संत्रावाल्यांना ही अळी चांगली ठाऊक आहे. संत्र्याच्या कोवळ्या पालवीवर, विशेषतः रोपवाटिकेत, ती शत्रू आहे. आमच्याकडे कढीपत्त्याची चार पानं गेली तर फोडणी अडत नाही.

१ मे, बुधवार

कूलरच्या स्टँडवर सरडा. डोकं आणि गळा लालभडक. पोट्ट्यांच्या मते तो लांबूनच रक्त शोषून घेतो, म्हणून लाल. विणीच्या हंगामातला नर आहे, मादीसाठी आणि दुसऱ्या नरांना धमकी म्हणून हा रंग. तो ताटीच्या खालच्या कडेपासून वीतभर अंतरावर बसला होता आणि पाणी प्यायला आलेल्या फुलोऱ्या टिपत होता. वरच्या तारेवर वेडा राघू. त्याची पद्धत निराळी : माशी हवेत पकडायची, तारेवर आपटायची, घासून डंख काढायचा, मग गिळायची. जंगलात पाणवठ्याजवळ वाघ बसतो, इथे हे दोघं.

५ मे, रविवार

सकाळचे सगळे तास पाणवठा क्रमांक २ वर. अळूच्या वाफ्याच्या काठावर कुंभारीण माशी आली.

काळी, पिवळ्या पायांची, आणि कंबर म्हणजे नुसता दोरा. वाफ्यातली माती काळी, पण काठावर काकूंनी मुरूम टाकलाय. ती आधी चालत फिरते, मिशांनी जमीन ठोकून बघते. फार ओली नको, फार कोरडीही नको. जागा पसंत पडली की डोकं खाली, पोट वर, पंख थरथरत, आणि एक बारीक चढा आवाज. जबड्याने आणि पुढच्या पायांनी मातीची गोळी वळते, ज्वारीच्या दाण्याहून मोठी, आणि ती तोंडात धरून उडते. कुठे जाते ते शोधायला भाचीला गल्लीच्या टोकाला उभं केलं. आमच्याच मीटरच्या पेटीमागे.

तिथे पेटी आणि भिंत यांच्या फटीत तिची नळीसारखी घरं आहेत, एकेक बोटाच्या पेरापेक्षा थोडं लांब. गोळी टेकवली की पुन्हा तो आवाज, या वेळी थोडा खर्जात. थरथरीने माती सैल होते आणि पट्टीसारखी कमानीत पसरते. एक गोळी म्हणजे एक कमान. काळ्या मातीची कमान, त्यावर मुरमाची तांबडी, मग पुन्हा काळी. एका फेरीत वाफ्याच्या आतून, दुसऱ्या फेरीत काठावरून आणत असणार. घर पट्ट्यापट्ट्यांचं झालंय, आणि ते तसं करायचा तिचा काही विचार नसावा.

नळी झाली की त्यात कोळी भरायचे. डंख मारून लुळे केलेले, मेलेले नव्हेत, म्हणजे सडत नाहीत. एका कोळ्यावर अंडं, मग तोंड बंद, आणि सगळ्या नळ्यांवर वरून मातीचा एक जाड लेप. आत अळी कोळी खाऊन वाढते. गेल्या वर्षीचं एक घर पेटी उघडताना फुटलेलं होतं, त्यात कोशाचं तपकिरी कवच आणि कोळ्यांच्या पायांचा चुरा.

बाराच्या सुमारास निळ्या-हिरव्या धातूच्या चकाकीची एक लहान माशी त्या घरांभोवती घिरट्या घालू लागली. ही आयत्या बिळावरची. कुंभारणीच्या घरात आपलं अंडं घालते, कोकिळेसारखं, म्हणून इंग्रजीतही तिला कोकिळेचंच नाव आहे. कुंभारीण परत येईपर्यंत ती दबा धरून मीटरच्या वायरवर बसली. घुसली की नाही ते दिसलं नाही, आमटीला उकळी आली होती.

मीटर वाचायला येणाऱ्यासाठी पेटीवर चिठ्ठी लावली : ‘झाकण हळू उघडावे. मागे घरे आहेत.’

१० मे, शुक्रवार

अक्षय तृतीया. काल रात्री अवकाळी पाऊस, गल्लीभर डबकी. चारही पाणवठ्यांवर शुकशुकाट. जंगलातली गणना अवकाळीने बुडते ती याच कारणाने : पाणी सगळीकडे असलं की पाणवठ्यावर कोण येईल? नोंद शून्य. रस-पोळी खाऊन झोपलो.

१६ मे, गुरुवार

राष्ट्रीय डेंग्यू दिवस. आरोग्यसेविका घरोघरी कूलर उघडून बघत होत्या. आमच्या टाकीत त्यांनी टॉर्च मारला आणि मान हलवली. अळ्या होत्या, शेपटी वर करून लटकलेल्या, टॉर्चच्या उजेडाने वळवळत तळाला गेल्या.

हे या प्रकल्पातलं अवघड दुखणं. जे पाणी मधमाश्यांना लागतं, तेच एडिस डासालाही. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण कोरडी करायची. आणि नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. एडिसची अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर पत्र्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणजे ऑक्टोबरात माळ्यावर गेलेला कूलर एप्रिलमध्ये अंड्यांसकट खाली येऊ शकतो. घासायलाच हवं. ‘कूलर उतरवताना घासता का लावताना?’ सेविकाताईंनी विचारलं. मी म्हटलं, लावताना. ‘दोन्ही वेळा,’ म्हणाल्या.

ठरलं ते असं : दर रविवारी टाकी घासून कोरडी, परळ रोज सकाळी उलटं. ठिबक चालू राहू द्यायची, साचू काही द्यायचं नाही. ठिबकेत डास होत नाही आणि मधमाशीला ठिबकच पुरते.

१९ मे, रविवार

टाकी घासली. दुपारी साडेतीनला वाफ्याच्या काठावर, मुरमाच्या ओल्या पट्ट्यात, फुलपाखरं उतरली. एमिग्रंट, लाइम, आणि एक कॉमन जे, सगळी सोंड खुपसून. हे चिखलपान करणारे बहुतेक नर असतात. मातीतलं मीठ गोळा करतात आणि मीलनाच्या वेळी मादीला देतात, ते तिच्या अंड्यांना कामी येतं. पिताना मागून पाण्याचे थेंब सोडत राहतात, कारण पाणी नकोय, मीठ हवंय.

नीलवंत, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ मध्ये जाहीर झालेलं, ते काही आलं नाही. भाची रुसली. मी म्हटलं, राज्यपक्षी हरियाल रोज सकाळी पिंपळावर असतो, त्याला बघ. तो हिरव्या पानांत हिरवा बसतो, म्हणून त्याचं कुणाला कौतुक नाही.

२३ मे, गुरुवार. बुद्धपौर्णिमा

मचाण : गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला सतरंजी. नियम जंगलातलेच. अत्तर नाही, भडक कपडे नाहीत, टॉर्च नाही, बोलणं कुजबुजत. पोट्ट्यांना बिबट्याची आशा होती. ती अगदीच खुळी म्हणता येत नाही, २०२१ च्या मे महिन्यात इथून जवळच गायत्रीनगरात बिबट्या दिसला होता आणि वनविभाग बरेच दिवस त्याच्या मागावर होता.

सूर्य बुडतोय तोच चंद्र वर आला.

सातनंतर पिंगळ्यांची जोडी खांबावर. दिव्याभोवतीचे किडे खाली पडले की उतरून चालत वेचतात.

साडेसात. छोटी वटवाघळं दिव्याच्या कडेकडेने. मोठी फळखाऊ उंबराकडे गेली.

आठ ते साडेनऊ. मांजर. मांजर. पोट्ट्यांपैकी दोघं झोपले. मांजर.

पावणेदहा. शिरीषाचा शेंडा आमच्या गच्चीच्या उंचीला येतो, आणि तो फुललाय. तिकडून गुणगुण येत होती. आधी ट्रान्सफॉर्मर वाटला. आग्या माश्या चांदण्या रात्री फुलांवर जातात हे वाचलेलं होतं, आज ऐकलं. माश्या दिसत नव्हत्या, फुलांचे झुबके मात्र हलत होते.

साडेबारा. वीज गेली. एरवी चिडले असते. पण एकामागून एक गल्लीतले सगळे कूलर घरघरत थांबले, आणि तेव्हा कळलं की दोन महिने आपण एका प्रचंड आवाजात राहतोय. त्या आवाजाखाली हे सगळं होतं : रातकिड्यांच्या दोन वेगवेगळ्या पट्ट्या, दूर टिटवी, कुठल्यातरी टाकीतली टपटप, शिरीषातली गुणगुण. लोक उकाड्याने बाहेर यायला लागले, तेवढ्या दहा मिनिटांत दोन मोठ्या नोंदी झाल्या.

पहिली : उदमांजर. कंपाउंडच्या भिंतीवरून, लांब शेपूट मागे सरळ, काकूंच्या आंब्याकडून आमच्या कूलरपर्यंत. स्टँडखाली साचलेल्या ओलीला तोंड लावून प्यायलं. मान वर केली, चंद्राच्या उजेडात डोळ्याभोवतीचा काळा पट्टा दिसला. गेलं.

दुसरी : कूलरच्या वरच्या झापडीतून एक बेडूक बाहेर आला. झाडबेडूक, बोटांना गोल चकत्या. पंखा चालू असताना तो ताटी आणि पत्र्याच्या मधल्या कोपऱ्यात पाय अंगाखाली दुमडून, डोळे मिटून बसत असणार; अंगातलं पाणी कमी उडावं म्हणून ते असेच बसतात. चाळीस दिवस आम्ही कूलर बाहेरून मोजत होतो आणि हा आत राहत होता.

सव्वाचारला दयाळ गायला लागला, मग कोकीळ, मग लांबून पावशा. बिबट्या नाही.

२६ मे, रविवार

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, कालपासून लागला. आज शून्य सावलीचा दिवस : बारा वाजून गेल्यावर काही मिनिटं सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर. गच्चीवर उभ्या ठेवलेल्या पाइपाच्या तुकड्याची सावली पाइपातच गेली. पोट्टे उड्या मारत होते, कारण स्लॅबवर उभं राहवत नव्हतं.

त्या वेळी चारही पाणवठ्यांवर फक्त मधमाश्या आणि एक गांधीलमाशी. तीही पाणी न्यायला. पोळ्यावर थेंब टाकून वारा घालण्याची युक्ती गांधीलमाश्यांनाही येते.

आज न येणाऱ्यांची यादी केली. तांबट आजवर एकदाही पाण्यावर आला नाही. उंबराची फळं खातो, पाणी त्यातच मिळतं. कढीपत्त्यावरच्या अळ्या नाहीत, पानातूनच भागतं. राखी धनेश पिंपळावर दिसले, कूलरकडे ढुंकून पाहिलं नाही. ज्यांना फळ आणि कोवळं पान मिळतं त्यांना आमची गरज नाही. कोपऱ्यावरचा उंबर रस्त्याला आडवा येतो म्हणून तोडायचं बोलणं चाललंय. ते झालं तर या यादीतल्या कितीजणांना परळावर यावं लागेल, आणि परळात फळ नसतं.

३० मे, गुरुवार

दुपारपासून फोन खणखणतोय. नागपुरात ५६ अंश! रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राचा आकडा. हवामान खात्याने यंत्र बिघडल्याचं सांगितलं, शहराजवळच्या दुसऱ्या केंद्रांवर ४४ च्या आसपास होतं. आमच्या व्हरांड्यातला तापमापक ४५ दाखवत होता, कूलरच्या ओल्या ताटीला टेकवल्यावर २६. हवा कोरडी आहे म्हणून एवढा फरक पडतो.

खारीने ताटीतून खसच्या काड्या ओढून नेल्या. उजव्या ताटीला मुठीएवढं भगदाड.

८ जून, शनिवार

मृग लागला. संध्याकाळी चार थेंब, आणि अंधार पडताच हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर. पानं कुरतडल्याचा आवाज खालून ऐकू येतो. पिंगळ्यांची चंगळ.

१२ जून, बुधवार

रात्री दणकून पाऊस. सकाळी मैदानात मृगाचे किडे, लाल मखमली. भाचीने पाय मोजले, आठ भरले. कोळ्याच्या नात्यातले आहेत. दिव्याखाली वाळवीच्या पंखांचा खच.

पाणवठ्यावर कोणी नाही. मधमाश्याही नाहीत. मागच्या टाकीखालचं मोहोळही रिकामं दिसतंय, नुसती मेणाची पोळी लोंबतेय. काकूंना सांगितलं. ‘गेल्या का? अन् न सांगता?’

१५ जून, शनिवार

नोंदी बंद करायच्या म्हणून ताट्या काढायला घेतल्या. मागच्या ताटीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या बरोबर वर, पांढऱ्या फेसाचा संत्र्याएवढा गोळा. झाडबेडकांनी अंडी घालून फेस फेटलाय. पिल्लं काही दिवसांनी फेसातून खालच्या पाण्यात टपकतात. खालचं पाणी म्हणजे आमची टाकी. आणि उद्या रविवार, टाकी घासायचा वार.

सेविकाताईंचा शब्द मोडायचा नाही आणि फेसही मोडायचा नाही. भाचीने तोडगा काढला : अख्खी ताटी अलगद उचलून बादलीवर आडवी ठेवली, बादलीत अर्ध्यापर्यंत पावसाचं पाणी, वरून जुनी मच्छरदाणी दोरीने घट्ट बांधली. टाकी घासून कोरडी केली.

कूलर आता एका ताटीविना चालतोय. तसाही तो नुसता दमट वारा फेकतो, हवेतच ओल असल्यावर पाणी उडणार कुठे.

१९ जून, बुधवार

बादलीत शेपट्या. मोजता येत नाहीत इतक्या. भाची उद्या यवतमाळला परत जातेय, तिने जाताना काकूंना बादली समजावून सांगितली. काकूंचा एकच प्रश्न होता : याले खायला काय घालायचं?

उकडलेलं पालकाचं पान, थोडंसं. आणि मच्छरदाणी सोडायची नाही.